पिशवीतला लॅपटॉप

गेल्या मे महिन्यात देवरुखहून परत येताना आईने माझी सॅक भरली. दोन डझन आंबे, आमसुलं, एक किलो कुळथाचं पीठ, डब्यात फणसाचे गरे, आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाला, माझा साडेपंधरा इंची लॅपटॉप. "अगो, तो चपटा आहे, तळाला बरा बसतो" असं आईचं म्हणणं. मला हे कळलं संगमेश्वर स्टेशनवर, गाडी समोर येऊन उभी राहिल्यावर. दिवा स्टेशनपर्यंत मी ती सॅक मांडीवर घेऊन बसले, पाय बधिर झाले पण खाली ठेवायची हिंमत झाली नाही, कारण तो लॅपटॉप म्हणजे माझं पोट आहे. भाषांतराची कामं करते मी घरून, सत्तर हजाराच्या वर गेलेला तो, हप्ते अजून चालू होते, आणि त्यात तीन क्लायंटच्या अर्धवट फायली.

घरी येऊन उघडला तर चालू झाला. पण बिजागरीजवळ केसाएवढी चीर दिसली आणि एका कोपऱ्यात पिकलेल्या आंब्याचा वास तो पुढे महिनाभर येत होता.

तेव्हा ठरवलं की हा आता टेबलावरून हलणार नाही. आईचे गुडघे दुखतात, महिन्यातून एकदा तरी जावंच लागतं, तिथे पाच-सहा दिवस राहायचं तर काम नेल्याशिवाय भागत नाही. म्हणजे दुसरा पाहिजे. छोटा, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे जो आंब्याखाली गेला तरी माझा जीव वरखाली होणार नाही असा.

आता हे शेवटचं वाक्य मी इथे लिहिलंय खरं, पण तेव्हा डोक्यात एवढं स्पष्ट नव्हतं. तेव्हा डोक्यात फक्त "स्वस्त" होतं. म्हणून पहिली खरेदी फसली. जूनमध्ये एका सेलमध्ये अठरा हजाराच्या आत नवा कोरा लॅपटॉप दिसला, कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, दिसायला एकदम देखणा, चंदेरी, पातळ. दोन कोरचा सेलेरॉन (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. मी म्हटलं मला काय, टायपिंग तर करायचंय, त्याला किती ताकद लागते. तर लागते. ते ६४ जीबी म्हणजे साधी एसएसडी नसते, ईएमएमसी म्हणतात त्याला, साधारण फोनमध्ये असते तसली मेमरी, बोर्डावरच चिकटवलेली. त्यातली निम्म्याच्या आसपास जागा विंडोज आणि त्याचा गोतावळा घेऊन बसतो, मग मोठं अपडेट आलं की तेच म्हणतं की जागा नाही, जागा करा, आणि करायची कुठून, माझं त्यात काही नव्हतंच. रॅमही चिकटवलेली, म्हणजे चारची आठ करू म्हटलं तर तेही नाही. ब्राउझरमध्ये शब्दकोश, ड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅप वेब एवढं उघडलं की टाइप केलेलं अक्षर दिसायला अर्धा सेकंद लागायचा. इंग्रजीत अर्धा सेकंद चालतो एकवेळ, मराठीत काना मात्रा वेलांटी सगळं वेगवेगळं बटण असतं, मध्येच एखाद-दोन खाल्ली गेली की "पाणी" चं "पण" होतं आणि ते नंतर वाचताना डोळ्याला सापडत नाही. कीबोर्ड मधोमध दाबला की पत्र्यासारखा लवायचा तो वेगळाच. चार महिन्यांनी भाच्याला देऊन टाकला, त्याला क्लासच्या पीडीएफ वाचायला पुरतो. त्याने त्याचं नाव कासव ठेवलंय.

खरं तर मला हे आधीच माहीत असायला हवं होतं, कारण २००९ मध्ये माझ्याकडे नेटबुक होतं. आठवतात का कोणाला नेटबुक्स? २००७ च्या शेवटी असूसचा तो सात इंची ई पीसी आला आणि मग वर्षभरात सगळ्या कंपन्यांनी तसली बाळं काढली, इंटेलने त्यासाठी अॅटम नावाची चिप आणली, विंडोज एक्सपी खरं तर रिटायर व्हायच्या बेतात होती पण या बाळांसाठी तिला थांबवून घेतलं. माझं दहा इंची, १ जीबी रॅमचं. त्याचा स्क्रीन उभ्यात फक्त ६०० पिक्सेल, त्यामुळे कित्येक सॉफ्टवेअरच्या खिडक्यांचं खालचं "ओके" बटण स्क्रीनच्या बाहेर जायचं, दिसायचंच नाही, आपण अंदाजाने एंटर मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. तरी मला ते फार आवडायचं. पर्समध्ये मावायचं, कोणाच्या नजरेत भरायचं नाही, पडलं झडलं तरी चालायचं. २०१३ पर्यंत टॅब्लेटनी त्यांना खाऊन टाकलं, बनवायचीच बंद झाली. त्या नेटबुकसारखं काहीतरी पण न खोकणारं, असं मी शोधत होते हे मला आत्ता हे लिहिताना कळतंय.

तर दिवाळीनंतर दुसऱ्यांदा शोध सुरू. या वेळी घाई नाही.

टॅब्लेट आणि त्याला लावायचा कीबोर्ड हा पर्याय एका मैत्रिणीने सुचवला. तिचा घेऊन बघितला. टेबलावर झकास, मांडीवर घेतला की मागे कलंडतो. माझं निम्मं टायपिंग गाडीत आणि आईच्या झोपाळ्यावर होतं, तिथे टेबल कुठलं. क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या सिस्टीमवरचा, बहुतेक सगळं नेटवर करणारा लॅपटॉप, मात्र मी मनापासून बघितलं, स्वस्तात खरंच सुटसुटीत चालतं ते, आणि गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलं की क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट देऊ, म्हणजे अपडेट लवकर बंद व्हायची जुनी कटकट कमी झाली (जुनं घेत असाल तर त्या मॉडेलची शेवटची तारीख आधी बघा, ही दहा वर्षं त्या प्रकारचं हार्डवेअर पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही). पण माझं काम ओमेगाटी नावाच्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, ते जावावर चालणारं, आणि गावाला नेट असेल तर असेल. म्हणून नाही.

मग नवे लॅपटॉप, इंटेलच्या एन१०० चिपचे. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर उगाच जुनं ते सोनं म्हणत सुटल्यासारखं होईल: ती चिप वाईट नाही. चार कोर, सहा वॅटची, जुन्या सेलेरॉनचं आणि तिचं नावसुद्धा एका वाक्यात घेऊ नये, आणि मी शेवटी जो घेतला त्याच्या प्रोसेसरपेक्षाही ती बऱ्याच कामांत पुढे आहे. अडचण चिपची नाहीच. त्या किमतीत कंपनीला पैसे कुठेतरी वाचवायचे असतात आणि ते वाचतात कीबोर्डात, स्क्रीनमध्ये, बिजागरीत. म्हणजे नेमकं जिथे माझा हात आणि डोळा दिवसभर असतो तिथे.

स्क्रीनचं जरा सविस्तर सांगते, कारण इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये हे कधी येत नाही. छोट्या लॅपटॉपमध्ये मुख्यतः दोन प्रकारचे स्क्रीन मिळतात, १३६६ बाय ७६८ आणि १९२० बाय १०८०. रिव्ह्यूवाले म्हणतात छोट्या स्क्रीनला पहिला पुरतो. इंग्रजीला पुरत असेल. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, मात्रेवर अनुस्वार किंवा रफार, पायाशी उकार, जोडाक्षर असेल तर पोटात गर्दी. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं तर पिक्सेल पाहिजेत. साडेबारा इंची स्क्रीनवर ७६८ वाला इंचाला सव्वाशेच्या आसपास पिक्सेल देतो, १०८० वाला पावणेदोनशे. "धर्मों" आणि "धर्मो" यातला फरक पहिल्यावर मला मान पुढे काढून बघावा लागला. दुसऱ्यावर चष्म्यासकट सरळ दिसला. प्रूफं बघणाऱ्या माणसाने यात अजिबात तडजोड करू नये.

तर मग उरले जुने ऑफिसवाले लॅपटॉप. हे आता एवढे स्वस्त का झालेत त्यामागे कारण आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, बऱ्याचदा भाड्यानेच घेतलेले असतात, ते परत जाऊन घाऊक बाजारात येतात, हे तर नेहमीचंच. त्यात विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १० चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले धडधाकट लॅपटॉप एका तारखेला म्हातारे ठरले. यंत्र तेच, कॅलेंडर बदललं. ज्याला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकायला हरकत नाही त्याची चंगळ.

मी यादी केली होती साडेबारा इंची तिघांची. डेलचा लॅटिट्यूड ७२८०, एचपीचा एलिटबुक ८२०, आणि लेनोवोचा थिंकपॅड एक्स२७०. तिन्ही त्या काळात साहेब लोकांना मिळायचे, म्हणजे सव्वा-दीड किलोच्या आत पण बांधणी भक्कम. मन एक्स२७० वर होतं कारण त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात आणि एक पाठीमागे काढता येणारी. पुढच्या एक्स२८० मध्ये ही बाहेरची बॅटरी गेली आणि रॅमही चिकटवली, म्हणून नवा असून नको होता.

एका शनिवारी डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर, मग पश्चिमेची गाडी, ग्रँट रोडला पूर्वेला उतरले. लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे पण ते नाव सांगितलंत तर टॅक्सीवाला तुमच्याकडे बघत राहील. ऑनलाइनही मिळतात हे लॅपटॉप, रिफर्बिश्ड म्हणून, पण मला हात लावून बघायचा होता. पहिल्या मजल्यावरचा एक गाळा, भिंतीला पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखे रचलेले लॅपटॉप, आणि एक वीस-बावीसचा मुलगा.

पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. दुकानातच त्यावरून चालू करायचा, हार्ड डिस्कला हात न लावता, म्हणजे वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं तिथल्या तिथे कळतं. पहिल्या एक्स२७० ने पेनड्राइव्ह घेतलाच नाही, बायोसला, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड. मुलगा म्हणाला, "मॅडम उसका कुछ नहीं, आप ले जाओ, विंडोज तो चल रहा है ना." हा सुपरवायझर पासवर्ड म्हणजे जुन्या कंपनीने लावलेलं कुलूप, ते सहजी निघत नाही, अशा लॅपटॉपला फुकट दिला तरी हात लावू नका. दुसऱ्याची बॅटरी बघितली. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची कमांड दिली की बॅटरी रिपोर्ट निघतो, त्यात दोन आकडे बघायचे, बनवली तेव्हा क्षमता किती आणि आता भरते किती. पोटातली २३ वॅट-अवरची, उरलेली ११. नको. तिसरा बरा होता पण स्क्रीनवर मधोमध पांढरे डाग, कोणीतरी वर वजन ठेवलेलं असणार, माझ्या आईसारखंच कोणीतरी.

चौथा. पोटातली १९, पाठीतली २०. एसएसडी २५६ जीबी, रॅम ८, एकच खाच आहे रॅमला पण निदान खाच आहे. स्क्रीन १०८० वाला, हे मी डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघितलं कारण दोन्ही स्क्रीन बंद असताना सारखेच दिसतात. मग मी तिथे स्टुलावर बसून इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, टाइप करायला घेतलं. माझी एक ठरलेली ओळ आहे, "दऱ्यांत गेला की दर्यात, आचाऱ्याने विचारलं की आचार्याने." यात र आणि ऱ दोन्हीची परीक्षा होते, इनस्क्रिप्टमध्ये ऱ साठी शिफ्ट आणि जे लागतं, आणि जुन्या कीबोर्डांची शिफ्टच आधी मेलेली असते. (फोनवरून लिहिणारे सगळीकडे "दुसर्या" लिहितात ते बघून मला कसंतरी होतं पण तो वेगळा विषय.) मग उरलेली सगळी बटणं एकेक दाबली. मुलगा बघत होता. म्हणाला, "ताई, आजपर्यंत इथे बसून निबंध कोणी लिहिला नव्हता." म्हणजे मराठी होता! मग तासभर आम्ही हिंदीत कशाला बोलत होतो देव जाणे. मराठीत आल्यावर भाव पाचशेने खाली आला, साडेपंधरा हजार. वॉरंटी तीन महिने, ती व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेनने लिहिलेली. वर अठराशे देऊन एक मोठी जुनी बॅटरी घेतली, सहा सेलची, ती लावली की मागे कुबड आल्यासारखं दिसतं.

घरी येऊन मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती टाकली, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, तोवर बघू. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आहे आणि फोनेटिकही आहे, वेगळं काही उतरवायला लागत नाही. ओमेगाटी टाकलं, लिबरऑफिस होतंच. 'मुक्त' आणि 'नोटो' नावाचे देवनागरी फॉन्ट टाकले.

आणि मग एक काम मुद्दाम केलं, जे मी कासवाच्या वेळी केलं नव्हतं: या लॅपटॉपवर काय काय करायचं नाही ते ठरवलं. बँक नाही. जीएसटीचं काही नाही. श्रीलिपी, कृतीदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली येतात अजून काही प्रकाशकांकडून, त्यांची रूपांतरं घरच्या मोठ्यावरच. फोटो नाहीत. चालू कामाची तेवढी एक फोल्डर, तीही रोज रात्री ड्राइव्हवर चढते, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, इन्स्टॉल करताना एक खूण करायची असते फक्त. म्हणजे उद्या गाडीत विसरला, चोरीला गेला, आईने परत त्याच्यावर फणस ठेवला, तर माझं नुकसान साडेपंधरा हजार आणि एक दिवसाचं काम. एवढं सोसेन मी. हे गणित मनात पक्कं झाल्यापासून मी त्याला कुठेही नेते.

दिवा-सावंतवाडीला सकाळी बसायचं, पनवेल जाईपर्यंत डोळे मिटायचे, मग काढायचा. आपली पर्स मांडीवर, त्यावर लॅपटॉप, पुढच्या बाईच्या गुडघ्याला लागत नाही एवढाच. वीरच्या पुढे एकेरी मार्ग, क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली, आधी वैताग यायचा, आता दोन पानं होतात. नातूवाडीच्या बोगद्यात चारेक किलोमीटर अंधार आणि फोन मेलेला, पण ओमेगाटीला नेट लागत नाही. एकदा चिपळूणच्या आधी मागची बॅटरी संपली, मी लॅपटॉप चालू असतानाच ती काढली आणि दुसरी लावली, पोटातली तेवढ्यात सांभाळून घेते. समोरच्या काकांनी जे बघितलं माझ्याकडे, जणू मी चालत्या गाडीचं इंजिन बदललं.

मोठी बॅटरी जुनी असूनही ४५ वॅट-अवरची भरते, पोटातली १९, एकूण ६४. नुसतं टायपिंग असलं आणि उजेड कमी ठेवला की हा सात-आठ वॅट खातो. म्हणजे भागाकार करा, आठ तास. गावाला लाइट गेले तरी दिवस निघतो. टाइप सी ने चार्ज होतो हेही मोठं सुख, पण फोनचा साधा चार्जर चालत नाही हं, मी लावून बघितला, ४५ वॅटचा पीडी वाला, म्हणजे जास्त ताकद देणारा, घ्यावा लागला, तोच आता फोनला पण वापरते, एक वीट कमी झाली पिशवीतली.

दुखणी आहेत, नाहीत असं नाही. झाकणावर कुठल्यातरी ऑफिसचं स्टिकर होतं त्याचा डिंक अजून चिकट लागतो, खोबरेल लावून झालं, रॉकेल मिळत नाही आता. एन आणि ई ची बटणं गुळगुळीत झालीत, आधीच्या मालकाने बहुतेक आयुष्यभर इंग्रजीत ईमेल लिहिलेत. मोठी बॅटरी लावली की दीड किलोच्या घरात जातो, त्याला हलका म्हणायचं तर मनाची तयारी लागते. आणि दोन टॅब व्हिडिओचे लावले की पंखा सुरू होतो, मग आई विचारते, "मिक्सर लावलास काय गो?"

भाऊ म्हणतो सतरा हजार तीनशे आणि कासवाचे अठरा, पस्तीस घातलेस, त्यात नवा बरा आला असता. आला असता. पण तो मी परत सॅकच्या वरच्या कप्प्यात टॉवेलात गुंडाळून ठेवला असता आणि गाडीत बाहेर काढलाच नसता, हे मला माझं ठाऊक.

आत्ता शिमग्याला आलेय. पडवीत झोपाळ्यावर बसून हे लिहितेय, लाइट दुपारपासून नाहीत, बॅटरी ५८ टक्के. पालखी वरच्या वाडीत पोचलीय वाटतं, ढोल जवळ येतोय, आई ताट घेऊन दोनदा दारात येऊन गेली. रेंज विहिरीपाशी गेल्याशिवाय येत नाही त्यामुळे हे टाकेन रात्री कधीतरी. लॅपटॉप इथेच झोपाळ्यावर ठेवून जाते.